लडलोचा किल्ला आणि तिथली लेकरे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी विलायतेच्या प्रवासाविषयी बोलावे असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. विलायत म्हटली की लंडन आले, तिथला राजवाडा आला, थेम्स नदी आली. पण हे सारे आता आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले आहे. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्या मुलासुनांनी फोनवर दाखविले आहे. तेव्हा तेच पुन्हा सांगून आपला वेळ घेण्यापेक्षा एका लहानशा गावी मी काढलेल्या शनिवार-रविवारची हकिकत सांगावी असे ठरविले. गावाचे नाव लडलो. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सरहद्दीजवळ, श्रॉपशर परगण्यात ते आहे. वस्ती दहाएक हजार. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाहूनही लहान. पण त्याचा इतिहास मोठा आहे.

माझी थोरली मुलगी नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला असते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे राहायला गेले असता ती म्हणाली, "आई, तुला किल्ले आवडतात, तर दोन दिवस लडलोला जाऊ." मग मी, मुलगी, जावई आणि नऊ वर्षांची नात अशी आमची चौघांची स्वारी निघाली. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचे लोणचे डब्यात होतेच. श्रूजबरीला गाडी बदलून आम्ही लडलोस उतरलो. वाटेत हिरवीगार कुरणे, मेंढ्या आणि लहान लहान टेकड्या. डोंगर असे म्हणायला आपल्या सह्याद्रीच्या लेकीची जीभ काही वळेना!

गावाची रचना मोठी आखीव आहे. एका उंचवट्याच्या टोकाला किल्ला, त्याच्या दरवाजापुढे बाजाराचे पटांगण, आणि तेथून उतारावर सरळ खाली जाणारे रुंद रस्ते. नॉर्मन सरदारांनी किल्ल्यापाठोपाठ गावही आखून वसविले, ती आखणी आठ-नऊशे वर्षांनंतर अजून तशीच आहे. खाली टीम नावाची नदी गावाला वळसा घालून जाते. ब्रॉड स्ट्रीट नावाचा रस्ता उतरत गेले की दोन्ही बाजूंस विटांची जुनी, नीटनेटकी घरे लागतात आणि शेवटी जुन्या गावकुसाची वेस. तिच्याखालून मोटारी अजून जातात. 'फेदर्स' नावाची १६१९ सालची एक इमारत आहे; तिच्या दर्शनी भागावरचे काळ्या लाकडाचे कोरीवकाम पाहून मला आपल्या जुन्या वाड्यांच्या तुळया आणि हस्त आठवले. बाजाराच्या पटांगणात भाजी, पाव, चीज, रोपे, जुनी भांडी यांची दुकाने मांडली होती. बाजार म्हटला की बायका सगळीकडे सारख्याच. माझ्या मुलीने दोन ठिकाणी भाव विचारून तिसऱ्या ठिकाणी टोमॅटो घेतले, तेव्हा मला धन्यता वाटली.

आता किल्ल्याकडे वळते. अकराव्या शतकाच्या अखेरीस द लेसी घराण्याने तो बांधायला घेतला. वेल्सच्या लोकांवर वचक ठेवावा हा हेतू. पुढे तो मॉर्टिमर घराण्याकडे आणि त्यांच्याकडून राजघराण्याकडे आला. बाहेरचे आवार एवढे मोठे की तिथे आपल्या गावची जत्रा भरावी. त्यापलीकडे खंदक आणि खंदकापलीकडे आतला किल्ला. आतल्या चौकात एक गोल देवघर आहे. इंग्लंडात गोल देवळे फार थोडी. त्यांतले हे एक, बाराव्या शतकातले. त्याच्या दाराच्या कमानीवरची नक्षी अजून स्पष्ट दिसते. उत्तरेच्या बाजूला दिवाणखाना आणि राजघराण्याच्या खोल्या. छत मात्र कशालाच नाही. मजले पडून गेले आहेत. त्यामुळे भिंतीत तीन पुरुष उंचीवर शेकोटीचे कोनाडे अधांतरी दिसतात. कुणीतरी तिथे हात शेकले असतील, ओले कपडे वाळविले असतील, मुलांना मांडीवर घेतले असेल. आणि आज तिथे कबुतरे बसतात.

तिथे एका पाटीवर राजपुत्र एडवर्डविषयी लिहिले होते. जावयांनी ते नातीला वाचून दाखविले. चौथ्या एडवर्ड राजाचा हा थोरला मुलगा. प्रिन्स ऑफ वेल्स म्हणून १४७३ साली त्याला या किल्ल्यात राहायला पाठविले, तेव्हा त्याचे वय अवघे दोन-तीन वर्षांचे. नातीने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "पण मग त्याची आई कुठे होती?"

भगिनींनो, मला सांगा, आजवर आपण किती किल्ले पाहिले! बुरूज किती, तोफा किती, दरवाजे किती, हे आपण मुलांकडून घोकून घेतले. पण किल्ल्यात राहणाऱ्या मुलाची आई कुठे होती, हा प्रश्न किती वेळा पडला? पाटीवर त्याचे उत्तर नव्हते. आम्ही परत बिऱ्हाडी आलो, मुलीने पुस्तके आणि लेख शोधून काढले, आणि रात्री उशिरापर्यंत आमचे वाचन चालले. त्या वाचनातले आणि दुसऱ्या दिवशी पाहिलेले जे मनात राहिले तेच आज सांगायचे आहे.

एडवर्डची आई एलिझाबेथ वुडव्हिल. १४७३ साली मुलाबरोबर तीही लडलोला आली होती. पण राणीची जागा राजाजवळ, तेव्हा तिला परत जावे लागले. मुलाचे पालकत्व तिच्या भावाकडे, म्हणजे मुलाच्या मामाकडे, सोपविले होते. हा मामा, अँथनी वुडव्हिल, मोठा विद्वान. त्याने भाषांतर केलेला तत्त्वज्ञांच्या वचनांचा ग्रंथ कॅक्स्टनने १४७७ साली छापला. इंग्लंडात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी तो एक. राजाने मुलाच्या दिनक्रमाचे नियम लिहून दिले होते. सकाळी उठून प्रार्थना, मग न्याहारी, मग अभ्यास. जेवताना थोरामोठ्यांच्या सद्गुणांच्या कथा वाचून दाखवाव्या. दुपारी पुन्हा अभ्यास, नंतर खेळ आणि व्यायाम. शिव्या देणारा, भांडखोर माणूस त्याच्या आसपास फिरकू देऊ नये. रात्री आठला निजवावे, आणि निजायला जाताना त्याचे मन आनंदी राहील असे सोबत्यांनी करावे. हे शेवटचे कलम वाचून माझ्या मनात कालवाकालव झाली. आईजवळ निजणाऱ्या पोरासाठी असे कलम कुणाला लिहावे लागत नाही.

दहा वर्षे अशी गेली. १४८३ च्या एप्रिलात राजा वारला. बातमी लडलोला पोचली तेव्हा एडवर्ड बारा वर्षांचा होता. दहा दिवसांनी तो मामाबरोबर राज्याभिषेकासाठी लंडनला निघाला. वाटेत त्याचा काका रिचर्ड याने त्याला ताब्यात घेतले आणि मामाला कैद केले. जून महिन्यात मामाचा शिरच्छेद झाला. आई धाकट्या मुलाला आणि मुलींना घेऊन वेस्टमिन्स्टरच्या मठाच्या आश्रयाला गेली होती. तेथून तो नऊ वर्षांचा धाकटाही तिला काकाच्या हवाली करावा लागला. दोघे भाऊ लंडनच्या टॉवरमध्ये दिसत होते ते पुढे दिसेनासे झाले. काका तिसरा रिचर्ड म्हणून गादीवर बसला. मुलांचे काय झाले याचा वाद पाचशे वर्षे झाली तरी मिटलेला नाही. हे वाचताना आपल्यापैकी कुणाला शनिवारवाडा आठवणार नाही? १७७३ सालचा नारायणराव आणि त्याच्या तोंडची ती 'काका मला वाचवा' ही हाक आपल्याकडे शेंबडे पोरही सांगते. काळ वेगळा, देश वेगळा. गादीपुढे नाते हरते ही गोष्ट मात्र तीच.

गोष्ट इथे संपली असती तरी पुरे होती. पण त्या आश्रयाला गेलेल्या मुलींत थोरली होती तिचेही नाव एलिझाबेथ. हरवलेल्या एडवर्डची ही सख्खी बहीण. रिचर्डचा पाडाव करून सातवा हेन्री राजा झाला आणि १४८६ साली त्याने हिच्याशी लग्न केले. हिला पहिला मुलगा झाला तो आर्थर. आर्थरही प्रिन्स ऑफ वेल्स. मग त्याला पाठवायचे कुठे? लडलोला! ज्या किल्ल्यातून भाऊ निघाला तो परत आला नाही, त्याच किल्ल्यात पोटचा मुलगा पाठवायचा. तिच्या मनात काय आले असेल ते कुणी लिहून ठेवलेले नाही. राजदरबारचे कारकून घोड्यांचे दाणे मोजतात, आईचे श्वास मोजत नाहीत.

१५०१ च्या नोव्हेंबरात आर्थरचे लग्न स्पेनची राजकन्या कॅथरिन हिच्याशी लंडनात थाटाने झाले. नवरा पंधरा वर्षांचा, नवरी त्याच्याहून थोडी मोठी. ऐन डिसेंबरच्या थंडीत दोघे लडलोला राहायला आली. स्पेनच्या उन्हात वाढलेली ती पोर, भाषा येत नाही, सासर डोंगरापलीकडच्या दगडी किल्ल्यात. वसंत ऋतूत दोघेही आजारी पडली. ती वाचली, २ एप्रिल १५०२ रोजी तो गेला. सोळाव्या वर्षी ती विधवा झाली.

बातमी ग्रिनिचच्या वाड्यात आली तेव्हा राणी एलिझाबेथने आधी नवऱ्याला धीर दिला. आपण अजून तरुण आहोत, देव पुन्हा देईल, असे त्याला समजाविले. मग ती आपल्या खोलीत गेली आणि तिचा बांध फुटला. तेव्हा तिच्या दासींनी राजाला बोलावून आणले. त्या काळच्या एका लेखात हे नोंदलेले आहे. आणि या दुःखातही तिने विधवा सुनेला आणण्यासाठी काळ्या मखमलीने मढविलेली डोली लडलोला पाठविली. पुढल्याच वर्षी, १५०३ च्या फेब्रुवारीत, बाळंतपणानंतर राणी वारली. तो तिचा सदतिसावा वाढदिवस होता. भाऊ आणि मुलगा, दोघांच्या कहाणीत लडलोचे नाव. पण लडलोच्या कहाणीत हिचे नाव शोधावे लागते.

कॅथरिनची कथा आपल्यापैकी अनेकींना ठाऊक असेल. १५०९ साली धाकटा दीर, आठवा हेन्री, याच्याशी तिचे लग्न झाले. वीस वर्षांनी मुलगा नाही म्हणून त्याला ती नकोशी झाली. मग भावाच्या विधवेशी लग्न धर्माला धरून होते काय, असा वाद त्याने उभा केला. आर्थरशी आपला संसार नावापुरताच होता, असे तिने १५२९ साली भर न्यायसभेत राजापुढे गुडघे टेकून सांगितले. लडलोच्या त्या चार महिन्यांचा पंचनामा सबंध युरोपभर झाला, आणि त्या तंट्याच्या पायी इंग्लंडचा रोमच्या पोपशी असलेला संबंध तुटला. एवढ्या मोठ्या घडामोडीचे एक मूळ या छप्पर नसलेल्या खोल्यांत आहे.

याच कॅथरिनची एकुलती मुलगी मेरी. तीही नऊ वर्षांची असताना, १५२५ साली, वेल्सच्या सरहद्दीवर कारभाराच्या नावाने पाठविली गेली. लडलो हे त्या कारभाराचे मुख्य ठाणे. माझी नातही नऊच वर्षांची. आईने मेरीला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. तोवर आई स्वतः तिला लॅटिन शिकवीत असे; आता मास्तर शिकविणार याचे समाधान आहे, पण त्यांनी तपासून झाल्यावर तुझे धडे अधूनमधून माझ्याकडे पाठवीत जा, म्हणजे मला बरे वाटेल, असा त्यातला आशय. लेकीच्या वहीतले अक्षर पाहण्यासाठी आसुसलेली ती आई एका बलाढ्य राज्याची राणी होती! आपल्या मंडळात अशा कितीतरी आहेत की ज्यांची मुले अमेरिकेत, विलायतेत, बंगळूरला आहेत. संध्याकाळी फोनवर तोंड दिसले नाही तर आपल्याला घास जात नाही. त्या पत्राचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

सारे दुःखाचेच सांगते असे वाटेल, म्हणून एक आनंदाची गोष्ट. वेल्सचा आणि सरहद्दीचा कारभार पाहायला लडलोच्या किल्ल्यात एक मंडळ होते. नाव मंडळच, पण तिळगुळाचे नव्हे. तिथे खटले चालत आणि शिक्षा होत. त्याच्या अध्यक्षपदी नेमलेल्या अर्ल ऑफ ब्रिजवॉटर यांच्यासाठी २९ सप्टेंबर १६३४ रोजी किल्ल्याच्या दिवाणखान्यात एक संगीत नाटक झाले. लिहिणारा होता पंचविशीतला जॉन मिल्टन. 'कोमस' म्हणून ते पुढे गाजले. अरण्यात वाट चुकलेली एक मुलगी मायावी राक्षसापुढे डगमगत नाही, अशी कथा. त्या मुलीचे काम अध्यक्षांच्या पंधरा वर्षांच्या मुलीने, अ‍ॅलिसने, केले आणि भावांची कामे तिच्या दोन धाकट्या भावांनी. आईबाप समोर बसले होते. मोठ्या घरची मुलगी रंगमंचावर उभी राहून बोलते, गाते, आणि तेही चारशे वर्षांपूर्वी! त्या मोडक्या दिवाणखान्यात उभी राहून मी हे नातीला सांगितले, तेव्हा तिने तिथल्या तिथे दोन गिरक्या घेऊन शाळेतले गाणे म्हटले. पाहणाऱ्या एका वृद्ध जोडप्याने टाळ्या वाजविल्या.

१६८९ साली ते कारभारी मंडळ मोडले आणि किल्ल्याचे दिवस फिरले. छपरावरचे शिसे गेले, मग लाकूड गेले. गाव मात्र टिकले. कारण बाजार, देऊळ आणि घरे यांची गरज कुठल्या राजावर अवलंबून नव्हती.

रविवारी सकाळी सेंट लॉरेन्सच्या देवळात गेलो. त्याचा मनोरा एकशे पस्तीस फूट उंच. भजनी मंडळींच्या बसण्याच्या लाकडी आसनांखाली गमतीची कोरीव चित्रे आहेत. एकीत मापात लबाडी करणाऱ्या दारूवालीला सैतान उचलून नरकात नेतो आहे. ते पाहून आम्ही खूप हसलो. आमच्या दूधवाल्याला ते चित्र दाखवावे असे मनात आले.

पण त्याच देवळात गाभाऱ्याजवळ एक लहानशी समाधी आहे. अँब्रोशिया सिडनी नावाच्या मुलीची. तिचे वडील सर हेन्री सिडनी त्या कारभारी मंडळाचे अध्यक्ष होते. आई मेरी हिने राणी एलिझाबेथला देवी आल्या तेव्हा तिची शुश्रूषा केली आणि स्वतःचा चेहरा त्या रोगाला दिला. ही मुलगी १५७५ साली लडलोच्या किल्ल्यात वारली. वडील पुढे १५८६ साली गेले. त्यांचा देह दूर केंट परगण्यात घराण्याच्या गावी नेला. पण हृदय मात्र लडलोला आणून लेकीजवळ ठेवले. वेल्सचा आणि आयर्लंडचा कारभार हाकलेला तो कर्तबगार पुरुष. त्याचे काळीज कुठे होते ते त्या समाधीजवळ समजते.

आता आपल्याशी संबंध असलेली एक गोष्ट सांगून संपविते. १८११ साली हा पडका किल्ला सरकारकडून विकत घेतला तो अर्ल ऑफ पॉविस, म्हणजे एडवर्ड क्लाइव्ह, यांनी. हे मद्रासचे गव्हर्नर होते, आणि प्लासीच्या रॉबर्ट क्लाइव्हचे चिरंजीव. हाच रॉबर्ट क्लाइव्ह १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसनच्या आरमाराबरोबर येऊन तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर उतरला होता. त्या दिवशी किल्ला पडला, आंग्र्यांचे आरमार जळाले. आणि दुर्दैव असे की पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती. किल्ल्यात आंग्र्यांच्या घरच्या बायका आणि मुले होती. इतिहासाच्या पुस्तकात आपण तोफा वाचल्या. त्यांच्याविषयी किती वाचले?

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत विजयदुर्ग आहे, शिवनेरी आणि राजगड आहेत. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असावाच. पण राजगडावर गेल्यावर आपण बालेकिल्ला चढून दमतो आणि फोटो काढून उतरतो. १६५९ साली सईबाई वारल्या त्या याच गडाच्या आसऱ्याला, तेव्हा संभाजीराजे दोन वर्षांचे होते. पुढे पुरंदरच्या तहात, १६६५ साली, आठ वर्षांच्या त्या पोराला ओलीस म्हणून मोगलांच्या छावणीत पाठवावे लागले. पाठीशी आई नव्हती, आजी होती. जिजाबाईंनी त्या रात्री काय केले असेल? हा प्रश्न विचारल्याने पराक्रम कमी होत नाही. उलट तो पराक्रम कुणाच्या जिवावर उभा होता ते कळते.

म्हणून माझी मंडळापुढे एक सूचना आहे. यंदाची आपली सहल एखाद्या किल्ल्यावर न्यावी. जाण्यापूर्वी प्रत्येकीने त्या किल्ल्यात राहिलेल्या एका बाईची किंवा मुलाची माहिती वाचून यावी. मग पाण्याची टाकी कुठे, धान्याचे कोठार कुठे, चूल कुठे पेटत असेल, आजारी माणसाला कुठे निजवीत असतील, हे पाहावे. आणि नातवंडांना बरोबर न्यावे. ती असे प्रश्न विचारतात की पाटीवर त्यांची उत्तरे नसतात. मग आपल्याला ती शोधावी लागतात. जे सापडेल ते पुढच्या स्मरणिकेत छापावे. चार ओळी सापडल्या तरी त्या चार ओळी आजवर कुणी लिहिलेल्या नसतील.

 सहलीसाठी पुऱ्या मी करीन. लोणचे मात्र अध्यक्षाबाईंकडचे हवे.